कारच्या सबवूफर बॉक्सला वायर कशी जोडायची, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सविस्तर

मागच्या रविवारी पुतण्या त्याची जुनी वॅगनआर घेऊन दारात आला. डिक्कीत १२ इंचाचा सब, बाजूला मोनो ॲम्प (एकाच चॅनेलचा ॲम्प्लिफायर), आणि चेहरा एकदम उतरलेला. "काका, ॲम्पवर लाल लाईट लागतेय आणि बेस पूर्ण बंद, ॲम्प उडाला का हो?" ॲम्प उडाला नव्हता. बॉक्सच्या मागच्या टर्मिनलला मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर लाल बाजूच्या वायरीतली एक तार, केसाएवढी बारीक, बाहेर सुटून काळ्या बाजूला टेकलेली. बाकी सगळं व्यवस्थित होतं. वायर काढली, पुन्हा सोलली, पिळून नीट बसवली आणि गाणं सुरू झालं, दहा मिनिटांचं काम.

तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं, कारण कुठला ॲम्प घ्यायचा, कुठला सब घ्यायचा यावर सगळे तासन्‌तास बोलतात पण बॉक्सला लागणारं वायरीचं ते शेवटचं सेंटीमीटर कसं बसवायचं हे कोणी सांगत नाही, आणि नवीन माणसाचं काम नेमकं तिथेच फसतं. पुढे जे लिहिलंय त्यातलं एकच लक्षात राहिलं तरी चालेल: मीटर लावून बघितल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही. बाकीचं ओघाने येतंच.

आधी बॉक्स नीट बघा

वायर आणायला पळण्याआधी बॉक्स फिरवून मागची बाजू बघा. मागे फ्यूज दिसतोय, बी प्लस, ग्राउंड, रिमोट असं छापलंय, गेनचं (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा त्याचं) बटण आहे, तर तो ॲक्टिव्ह बॉक्स आहे, म्हणजे ॲम्प त्याच्या पोटातच आहे. सीटखाली बसणारे चपटे सब आणि बरेचसे बेस ट्यूब (नळकांड्याच्या आकाराचे सब) असेच असतात. अशा बॉक्सला बाहेरच्या ॲम्पचं आउटपुट जोडायचं नाही, त्याच्यावर हाय लेव्हल इनपुट लिहिलेलं असतं ते डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरच्या, स्पीकर वायरींसाठी असतं. हा लेख त्या बॉक्ससाठी नाहीये.

मागे नुसती एक प्लॅस्टिकची वाटी आणि त्यात लाल-काळी दोन टर्मिनल, फार तर चार, तर तो साधा पॅसिव्ह बॉक्स, आपलं काम त्याच्यावर. चार टर्मिनल असतील तर बॉक्समध्ये दोन सब असतील किंवा एकाच सबला दोन कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) असतील, ते पुढे बघू. आणि काही बॉक्स, विशेषतः सुताराकडून एमडीएफमध्ये बनवून घेतलेले, त्यांना टर्मिनलच नसतं, नुसतं भोक नाहीतर तेही नाही. त्याचाही उपाय आहे.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, सब सरळ डेकला जोडायचा नाही. डेकच्या डब्यावर कितीही वॅट छापलेले असू देत, त्याच्या आतली आयसी दरवाज्यातल्या ४ ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेली असते (ओहम म्हणजे करंटला होणारा विरोध, आकडा कमी तितका भार जास्त), तिला २ ओहमचा सब लावला तर ती तापून बंद पडते किंवा जळते.

वायर कुठली

१२, १४ किंवा १६ गेज. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे उलटं गणित पहिल्यांदा सगळ्यांनाच गोंधळात टाकतं. आपल्याकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात स्क्वेअर एमएममध्ये बोलतात, तर १६ गेज म्हणजे साधारण १.३ स्क्वेअर, १४ म्हणजे २.१ आणि १२ म्हणजे ३.३ स्क्वेअर.

जाडीने फरक पडतो का? हिशोब करून बघा. १६ गेज तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला अंदाजे ०.०१३ ओहम. ॲम्पपासून बॉक्सपर्यंत ३ मीटर वायर धरली तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.०८ ओहम झाले. सब ४ ओहमचा असेल तर वायरीत २ टक्के पॉवर गेली, कळणार पण नाही. पण तोच लोड, म्हणजे ॲम्पला जोडलेल्या सबचे एकूण ओहम, १ ओहम असेल तर ७ टक्क्यांच्या वर पॉवर नुसती वायर गरम करण्यात जाते. १२ गेज घेतली तर हेच ०.०३ ओहमवर येतं. म्हणून माझं मत असं की ४ ओहमला १६ पुरे, २ ओहमला १४ घ्या, १ ओहमला १२ च घ्या, आणि ॲम्प बॉक्सला चिकटून असेल, अंतर हातभर असेल, तर यावर जास्त डोकं लावू नका.

तांबं मात्र खरं तांबं पाहिजे. बाजारात सीसीए म्हणून वायर मिळते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, दिसायला झकास आणि हातात घेतली की हलकी लागते. तिचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा साधारण दीडपट असतो आणि दोनतीनदा वाकवली की तारा तुटतात. ओळखायची सोपी पद्धत, एक तार काढून ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. वरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत तांबूस निघाली तर ते कथील चढवलेलं तांबं, ते उत्तम. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर रीळ उघडून एक तार खरवडून बघू देतात का ते विचारा, विचारायला लाजू नका, पैसे आपलेच जाणार आहेत.

घरच्या वायरिंगमधून उरलेली अडीच स्क्वेअरची वायर चालते का असं बरेच जण विचारतात. चालते की, तांबं ते तांबंच, फक्त ती कडक असते, वळणावर नीट बसत नाही, स्प्रिंगच्या टर्मिनलमध्ये कोंबायला त्रास देते. आणि लाल एक, काळी एक अशा दोन रंगांच्या घ्या, दोन्ही लाल घेतल्या तर पुढे कुठली प्लस हे शोधत बसाल.

काय काय जवळ ठेवायचं

वायर स्ट्रिपर, क्रिंपिंगची पक्कड, नोज प्लायर, स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), केबल टाय, मल्टिमीटर आणि एक पेन्सिल सेल. मल्टिमीटर साधा पिवळा, दोनतीनशे रुपयांचा असतो ना, तोच पुरे. हा एक खर्च मात्र वाचवू नका.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढायची, १० च्या पान्याने, आणि ती पट्टी कापडात गुंडाळून बाजूला ठेवायची. नुसतं स्पीकरचंच तर काम आहे, कशाला बॅटरी काढायची असं वाटतं, पण डिक्कीत ॲम्पजवळ पक्कड हातातून निसटून पॉवरच्या टर्मिनलवर पडली की काय होतं ते मी बघितलंय, पकडीच्या तोंडाला खळगा पडतो इतका करंट असतो तिथे. हो, आणि ॲम्पच्या पॉवर वायरीला बॅटरीपासून हातभराच्या आत, साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत, फ्यूज आहे ना ते आत्ताच बघून घ्या. नसेल तर सबचं काम थांबवा आणि आधी फ्यूज लावा.

वायर सोलायची कशी

ही पायरी सगळे घाईत उरकतात. टर्मिनलचं भोक जेवढं खोल तेवढीच वायर सोलायची, साधारण १ सेंटीमीटर. जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर राहतं आणि शेजारच्या टर्मिनलला टेकतं, कमी सोलली तर टर्मिनल तांब्याऐवजी प्लॅस्टिकवर आवळलं जातं, वरून घट्ट वाटतं आणि आत धड संपर्कच नसतो. दाताने सोलू नका, ब्लेडने गोल फिरवून पण नको, त्यात बाहेरच्या पाचसहा तारा कापल्या जातात आणि १४ गेजची वायर टोकाला १६ ची होऊन बसते. स्ट्रिपरचं बरोबर भोक वापरा, सोलल्यावर टोकाकडे बघा, खाली एकही तार पडलेली नसावी.

मग अंगठा आणि बोटात धरून तारा एकाच दिशेने पिळायच्या, निरांजनाची फुलवात करतो तशा, टोक टणक झालं पाहिजे. एकही तार बाजूला फिसकारलेली दिसली तर पुन्हा पिळा किंवा कापून नव्याने सोला. पुतण्याच्या गाडीत नेमकं हेच राहिलं होतं.

दोन वायरींपैकी प्लस कुठली ते आधी ठरवा. पारदर्शक स्पीकर वायरीत एक तांबूस आणि एक चंदेरी असते किंवा एका बाजूला रेघ किंवा उठाव असतो. कुठलीही एक प्लस धरा, नियम एवढाच की दोन्ही टोकांना तीच धरायची. मी दोन्ही टोकांना लाल टेपची एक पट्टी लावून ठेवतो.

आता टर्मिनल

स्प्रिंगवालं, म्हणजे लाल-काळा खटका दाबायचा, भोकात वायर घालायची आणि सोडायचं. रेडिमेड बॉक्सवर सगळ्यात जास्त हेच दिसतं आणि मला सगळ्यात कमी भरवसा यावरच आहे. भोक लहान असतं, १२ गेज जातच नाही, मग लोक अर्ध्या तारा कापून टाकतात आणि उरलेल्या घालतात, तसं करू नका. वायरीला पिन टाइपचं थिंबल (टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, आणि ती पिन स्प्रिंगमध्ये घाला, पकड चांगली बसते आणि सुट्या ताराही राहत नाहीत. खटका सोडल्यावर वायर हलकेच ओढून बघा. हातात आली तर गाडीच्या धक्क्यानेही येणारच होती. सब मोठा असेल, ५०० वॅट आरएमएसच्या (सतत झेपणाऱ्या पॉवरच्या) पुढे, तर ती वाटीच बदला, नवीन फार महाग नसते.

स्क्रूवालं टर्मिनल, पितळी गोल मूठ असते, फिरवून सैल करायची. बऱ्याच जणांना दिसत नाही पण मूठ सैल केल्यावर खालच्या पितळी दांड्याला आडवं आरपार भोक असतं, वायर त्या भोकातून घालायची आणि मूठ आवळायची. वायर दांड्याभोवती नुसती गुंडाळून आवळली तर मूठ फिरताना तिला बाहेर ढकलते. गुंडाळायचीच असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते. काही टर्मिनलला मागून बनाना प्लग घालायचीही सोय असते, घरी ठीक आहे, गाडीत खड्ड्यांमुळे प्लग हळूहळू बाहेर सरकतो म्हणून मी वापरत नाही.

एक महत्त्वाचं. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावून कडक करायची सवय असते काहींना. करू नका. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते काही दिवसांत चपटं होतं आणि आज कचकचीत आवळलेला स्क्रू महिन्याभरात सैल सापडतो. नुसत्या पिळलेल्या तारा किंवा क्रिंप केलेली पिन, दोन्हीपैकी काहीही चालेल.

बॉक्सला टर्मिनलच नसेल तर दोन रस्ते. सोपा रस्ता म्हणजे वायरीच्या जाडीचं भोक पाडायचं, वायर आत घ्यायची, आतल्या बाजूला एक सैलसर गाठ मारायची म्हणजे बाहेरून ओढली तरी ताण सबच्या टर्मिनलवर जात नाही, आणि भोक सील करायचं. सील करायला सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल क्युअर मागा. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन असतं ना, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि ते तांब्याला खातं. भोक नीट सील झालं नाही तर बेसच्या ठोक्याबरोबर तिथून हवा फुसफुसते, शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, आणि बंद बॉक्स असेल तर बेसही ढिला वाटतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, बोल्टचा. एम ६ चे दोन पितळी बोल्ट, ४० मिलिमीटर लांबीचे, म्हणजे १८ मिलिमीटरच्या एमडीएफमधून आरपार जाऊन दोन्ही बाजूंना वॉशर आणि नट बसायला जागा उरते. दोन बोल्टमध्ये किमान ४-५ सेंटीमीटर अंतर ठेवा. आतून रिंग थिंबल, बाहेरून रिंग थिंबल, मध्ये स्प्रिंग वॉशर, आवळून टाका. सामान स्वस्तातलं आहे आणि ते बॉक्सपेक्षा जास्त टिकतं. बाहेरच्या बोल्टवर रबरी टोपी किंवा झाकण मात्र हवंच, नाहीतर डिक्कीत टाकलेला जॅक किंवा पाना दोन्हींवर आडवा पडला की सरळ शॉर्ट.

भोक पाडण्याआधी सब बाहेर काढायचा, हे विसरू नका. लाकडाचा भुसा आणि लोखंडाचा बारीक कीस मॅग्नेटच्या फटीत गेला की तो परत निघत नाही, कॉइल घासत राहते आणि कायमचा खरखर आवाज मागे लागतो.

बॉक्सच्या आत

वाटीपासून सबपर्यंतची आतली वायर कोणी बघतच नाही. रेडिमेड बॉक्समध्ये ती कधीकधी इतकी बारीक असते की बाहेर १२ गेज आणून काही अर्थच राहत नाही. सब उघडाच एकदा. स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून सैल करा, आणि स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरा, सबचं मॅग्नेट त्याला ओढतं आणि हात सुटला की टोक सरळ कोनमध्ये, म्हणजे सबच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यात, घुसतं. अशी भोकं पडलेले बरेच सब मी बघितलेत. शेवटचा स्क्रू काढताना दुसऱ्याला सब धरायला सांगा किंवा बॉक्स आडवा झोपवून सब वर तोंड करून ठेवा, ओझं बरंच असतं.

सबला पाती टर्मिनल असेल तर फीमेल लग (पातीवर सरकवून बसणारं थिंबल) लागतो. पातीची रुंदी मोजून न्या, ६.३ आणि ४.८ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात, आणि दोन पात्या वेगळ्या रुंदीच्या असतील तर बहुतेक वेळा रुंद ती प्लस. लगच्या प्लॅस्टिकचा रंगही उगाच नसतो, लाल दीड स्क्वेअरपर्यंत, निळा दीड ते अडीच, पिवळा ४ ते ६ स्क्वेअर. १४ गेजला निळा बरोबर बसतो. १२ गेज ३.३ स्क्वेअर म्हणजे निळ्यात मावत नाही, पिवळा घेऊन नीट क्रिंप करा आणि ओढून बघा. लग पातीवर ढकलताना थोडा जोर लागला पाहिजे, सहज सरकला तर काढून नोज प्लायरने किंचित दाबा आणि पुन्हा बसवा.

पातीवर थेट सोल्डर करायचं असेल तर हात बसलेला असू द्या. तीनचार सेकंदांत काम झालं पाहिजे, जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न धरली तर पातीखालचं प्लॅस्टिक मऊ होतं आणि पातीपासून कोनकडे जाणारी ती विणलेली लवचिक तार कडक होऊन जाते, मग काही दिवसांत तुटते. नवीन माणसाने क्रिंपच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आतली वायर थोडी सैल ठेवा म्हणजे पुढच्या वेळी सब बाहेर काढता येतो, पण लोंबकळत ठेवू नका, केबल टायने बॉक्सच्या भिंतीला बांधा. मोकळी वायर बेसबरोबर भिंतीवर टपटप आपटते, आणि मग माणूस अख्खी डिक्की, नंबर प्लेट, पार्सल ट्रे सगळं तपासतो, आवाज काही सापडत नाही.

ओहमचं गणित

सबच्या मागे ड्युअल व्हॉइस कॉइल किंवा ४+४ ओहम असं लिहिलं असेल तर त्याला चार टर्मिनल असतात आणि ते जोडायच्या दोन पद्धती. पॅरलल, म्हणजे दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र, ४+४ चे झाले २ ओहम. सिरीज, म्हणजे पहिल्या कॉइलचा प्लस ॲम्पच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस ॲम्पच्या मायनसला, ४+४ चे झाले ८ ओहम. २+२ चा सब असेल तर पॅरललला १ ओहम आणि सिरीजला ४ ओहम. एकच कॉइल जोडून दुसरी सोडून देऊ नका, सगळा भार एका कॉइलवर येतो.

दोन सब आणि दोन्ही ४+४? सगळं पॅरलल केलं तर १ ओहम. प्रत्येक सब आपल्यापुरता सिरीज करून मग दोन्ही सब पॅरलल केले तर ४ ओहम. आणि दोन सब २+२ चे असतील तर सगळं पॅरलल अजिबात करायचं नाही, अर्धा ओहम होतो, बहुतेक ॲम्पला तो झेपत नाही. त्यांचे प्रत्येकी सिरीज करून मग पॅरलल केले की २ ओहम येतात, तेच करा.

मग ॲम्पकडे बघा. मोनो ॲम्प १ ओहम की २ ओहमपर्यंत चालतो ते त्याच्या पुस्तकात किंवा अंगावर लिहिलेलं असतं. आपला लोड त्याच्याइतका किंवा त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे, कमी नको. इथे एक फसगत फार होते, मोनो ॲम्पवर स्पीकरचे दोन प्लस आणि दोन मायनस असतात आणि माणसाला वाटतं की हे दोन वेगळे चॅनेल आहेत, एक कॉइल इकडे लावू, दुसरी तिकडे. ते आतून एकत्रच जोडलेले असतात. म्हणजे २+२ च्या दोन कॉइल दोन ठिकाणी लावल्या तरी ॲम्पला १ ओहमच दिसतो.

दोन किंवा चार चॅनेलचा ॲम्प ब्रिज करणार असाल, म्हणजे दोन चॅनेल एकत्र करून एकच सब चालवणार असाल, तर एका चॅनेलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस, कुठले ते ॲम्पवरच रेघ काढून दाखवलेलं असतं. ब्रिजमध्ये असे ॲम्प साधारणपणे ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात, कारण प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्माच लोड दिसतो.

सबची मायनस वायर गाडीच्या बॉडीला कधीच लावू नका. पूर्वीच्या काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक बाजू बॉडीला असायची, ते बघून कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आजच्या पुष्कळ ॲम्पमध्ये मायनसवरही सिग्नल असतो, बॉडीला टेकवला की आउटपुट उडतं.

मीटर, आणि पेन्सिल सेल

सब बॉक्सला लावला, बाहेरची वायर लावली, पण ॲम्पकडचं टोक अजून मोकळं आहे. आता मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघा, ०.२-०.३ येईल, तो मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स, तो वजा करायचा. मग स्पीकर वायरीच्या दोन टोकांवर लावा. ४ ओहमची कॉइल मीटरवर ३.२ ते ३.८ च्या मध्ये दाखवते, बरोब्बर ४ येत नाही, घाबरू नका, मीटर नुसता डीसी रेझिस्टन्स मोजतो. २ ओहमला दीड ते दोनच्या मध्ये कुठेतरी येईल. ०.३ वरच थांबला तर कुठेतरी शॉर्ट आहे. नुसता डाव्या कोपऱ्यात १ दिसला किंवा ओएल आलं तर कुठेतरी सुटलंय. ४ अपेक्षित होते आणि २ आले तर सिरीजऐवजी पॅरलल झालंय. एकेक टोक हलवत जा, आकडा कुठे उडतो ते बघा, दोष तिथेच.

तसंच एक टोक स्पीकर वायरीला आणि दुसरं गाडीच्या उघड्या लोखंडाला लावून बघा. इथे काहीच आकडा यायला नको. आला तर डिक्कीच्या कडेला, सीटच्या क्लॅम्पखाली किंवा बिजागरीत वायर चिरडलेली असणार.

आता सेल. पेन्सिल सेलचा प्लस लाल वायरीला आणि मायनस काळीला, क्षणभर टेकवायचा आणि काढायचा. कोनवर हलकेच बोट ठेवा, तो बाहेर आला पाहिजे. आत गेला तर प्लस-मायनस कुठेतरी उलटी झालीय. एकच सब असेल तर उलटा लावला तरी काही जळत नाही, ॲम्पवरच्या फेजच्या बटणानेही फिरवता येतं. पण बॉक्समध्ये दोन सब असतील आणि एक बाहेर, एक आत जात असेल तर दोघं एकमेकांची हवा खाऊन टाकतात, दोन सब लावूनही एकापेक्षा कमी बेस येतो, आणि माणूस गेन वाढवत बसतो. ही चाचणी म्हणूनच करायची.

चालू करताना

सगळं बरोबर आलं की वायर ॲम्पला लावा, तिथेही तीच काळजी, १ सेंटीमीटर, पिळलेली, एकही तार बाहेर नाही. वायर कार्पेटखालून न्या, मागची सीट पाडल्यावर किंवा स्टेपनीचं झाकण उघडल्यावर ती दबणार नाही अशी. बॉक्स पट्ट्याने बांधा, मोकळा बॉक्स वळणावर सरकतो आणि वायर ओढली जाते, आणि जोरात ब्रेक लागला तर एवढं वजन मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीवर येतं. मग बॅटरीची मायनस लावा, ॲम्पचा गेन सगळ्यात कमी, आवाज कमी, एखादं ओळखीचं ढोलकीचं गाणं लावा. प्रोटेक्टची लाईट (ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो तेव्हा लागते ती) लागली तर लगेच बंद, आवाज वाढवून बघू असं नाही. स्पीकर वायर ॲम्पकडून काढा आणि पुन्हा चालू करा. लाईट गेली तर दोष वायरीत किंवा सबमध्ये, तरीही राहिली तर ॲम्प, त्याची पॉवर किंवा ग्राउंड बघा.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा, नवीन तांबं दाबाखाली थोडं बसतं आणि स्क्रूला पाव फेरा जागा होते. कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर टर्मिनल उघडून बघा, तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल तर तेवढं टोक कापून नव्याने सोला, म्हणूनच वायर दहा-पंधरा सेंटीमीटर जास्त ठेवायची. डिक्कीचा रबर गळत असेल तर पाणी आधी स्टेपनीच्या खड्ड्यात आणि मग कार्पेटखाली येतं, तिथे जोड ठेवू नका, जोड असलाच तर उंचावर आणि हीट श्रिंकमध्ये.

आणि बॉक्सच्या मागे पर्मनंट मार्करने लिहून ठेवा, कॉइल कशी जोडलीय आणि मीटरवर किती आलं ते. पुतण्याच्या बॉक्सवर आता पांढऱ्या मार्करने लिहिलंय: ४+४ पॅरलल, मीटर १.९.